पाचवा भाग आणि पोरांचा मामा

माझ्या कादंबरीमालेचा पाचवा भाग चांद्यात एकाही माणसाने विकत घेतला नाही, आणि तो चांद्यातल्या एकूण एक माणसाला पाठ आहे.

हे वाक्य मी रागाने लिहिलेले नाही. रागाने लिहिलेले वाक्य याच्या आधी होते. ते बायकोने खोडायला लावले.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. माझा धंदा मोहफुले, चारोळी, हिरडा आणि डिंक यांचा. पाठीवर पोते घेऊन सुरुवात केली आणि चांद्याच्या परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटबंदीच्या, आत स्वतःचे दुकान उभे केले. कोणाच्या बापाची मदत नाही, माझ्या बापाचीसुद्धा नाही! दुपारी गिऱ्हाईक नसले की मी मोहाच्या पोत्याला टेकून जादूच्या कादंबऱ्या लिहीत असे. (मोहाच्या वासामुळेच हे सगळे सुचते, असे बायकोचे म्हणणे. ती दुकानात कधी बसलेली नाही, म्हणून दुर्लक्ष केले.)

नवा भाग छापून येणार म्हटले की लेखकाला म्हणे आनंद होतो. कोणाला होत असेल तर होवो! मला पहिल्या भागाच्या वेळी झाला होता. दुकानात येईल त्याच्यापुढे मी पुस्तक धरत असे, आणि डिंक घ्यायला आलेला माणूस डिंक न घेताच पळत असे. दुसरा भाग निघाला तेव्हा लोक म्हणाले, "पहिल्यासारखा नाही." तिसऱ्यालाही तेच. चौकशी केली तेव्हा कळले, की असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पहिला वाचलेला नव्हता! चौथ्या भागाच्या शेवटी मी राजकन्या नीलांगीला दगडाची केली. (मांत्रिक धूम्रकेशाने केली असे पुस्तकात आहे, पण त्याला सुचवले कोणी?) तेव्हापासून गावाला दुसरा विषय नाही. वजनकाट्यावर हिरडा, आणि समोरचा विचारतो आहे, "केशोभाऊ, ते पोट्टी दगडातून कवा सुटन?"

"पाचवा भाग विकत घे. सुटेल."

"विकत? अवो, तुमी तं समोरच उभे आहा. सांगून टाका नं!"

हा वाचकवर्ग! माझ्याकडचा डिंक हे लोक फुकट चाटत नाहीत. मात्र राजकन्या फुकट पाहिजे!

प्रकाशकाची तऱ्हा याहून वरची. नागपूरच्या त्या गृहस्थाने चौथ्या भागाच्या मुखपृष्ठावर धूम्रकेशाचे तोंड एवढे मोठे छापले, की माझे नाव त्याच्या मिशीच्या टोकाखाली गेले. लोकांना ते कचऱ्यासारखे दिसे. एकाने तर नखाने खरवडून पाहिले! तेव्हाच मी ठरवले, की पाचव्या भागाची प्रत हातची सोडायची ती नावाचा सौदा झाल्यावरच. पत्रापत्री झाली, दोघांनीही एकमेकांना 'स्नेहांकित' म्हणून शिव्या दिल्या. शेवटी त्याने कळवले, की तो वाघ बघायला मोहर्लीच्या फॉरेस्ट बंगल्यावर येतो आहे. प्रत तिथे द्यावी, नावाचे तिथेच समक्ष ठरवू, म्हणजे चैत्रात महाकालीच्या यात्रेत पुस्तक विकायला येईल. यात्रेला माणूस केवढा लोटतो हे मला सांगायला नको. पाचवा भाग यात्रेत आलाच पाहिजे होता, आणि तोही माझ्या ठळक नावासकट.

आता शहाण्या माणसाने काय केले असते? स्वतः उठून मोहर्लीला गेला असता. पण मी शहाणा नव्हतो, मी हुशार होतो! धंद्याचा नियम आहे, की आपला माल घेऊन आपण गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिलो की भाव पडला. म्हणून मी मेहुण्याला पाठवले.

मेहुणा नथ्थू हा बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. माझी बैलगाडी तोच हाकी. चौथी पास. जेवणावर श्रद्धा. इतका निवांत, की वाटेत वाघ आडवा आला तर वाघालाच घाई सुटावी. मी प्रत फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठेवली आणि सांगितले, "नावाचं साहेब कबूल करतील तेव्हाच गठ्ठा सोडायचा. आणि लवकर परत ये."

"हो भाऊजी. जेवण तिथीच करू का वाटेत?"

नथ्थू गेला आणि त्याच दुपारी मला दुसरी हुशारी सुचली. चारोळी विकताना आपण गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर नमुना ठेवतो. तसा पाचव्या भागाचा नमुना का देऊ नये? मी कच्ची प्रत काढली, दुकानाच्या पायरीवर बसलो आणि पहिले प्रकरण मोठ्याने वाचू लागलो. माझी पोरे आली, त्यांच्यामागे आळीची पोरे आली, त्यांना शोधायला त्यांच्या आया आल्या. नीलांगीच्या दगडी डोळ्यातून पाण्याचा पहिला थेंब निघाला, आणि मी प्रत मिटली. "पुढचे यात्रेत. विकत."

तेवढ्यात बायको आतून पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अवो! भर दुपारी कहाणी? अन् पोट्ट्यायचा मामा जंगलात हाये!"

परमुलखातल्या वाचकांसाठी सांगतो. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोरांचा मामा वाट चुकतो, अशी आमच्याकडची समजूत आहे. दिवे लागल्यावर सांगा, मामा सुखरूप. मी हसलो. "मामाला वाट दाखवायला बैल आहेत," मी म्हणालो, "आणि बैलांनी गोष्ट ऐकलेली नाही."

ठरल्या दिवशी नथ्थू आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने मला वाढलेल्या ताटाशी बसून डोळ्याला पदर लावला. "लाखोळीची दाळ नथ्थूले किती आवडे!"

"आवडे? अगं, तो मेलेला नाही!"

"तुमच्या तोंडून मेला शब्द आलाच कसा?" आणि डाळीची वाटी माझ्यापुढून उठून आत गेली.

माणसे पाठवली. ती मोठ्या रस्त्याने अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आली. गाडी कोणाला दिसली नाही, बैल कोणाला दिसले नाहीत. तेव्हा मात्र मीही दर तासाला परकोटाच्या दरवाजापर्यंत जाऊन येऊ लागलो. (नथ्थूसाठी. प्रतीसाठीही. कोणासाठी किती ते विचारू नये.) संध्याकाळी शेजारची सोनाबाई ढिवरीण आली. ती रामाळा तलावातली मासळी विकते, आणि आमच्या आळीत शेवटचा निकाल तिचा.

"कहाणी दिवसा सांगतली ते एक," ती म्हणाली, "पण अर्धीच सोडली ते मोठं. जवरिक कहाणी अर्धी, तवरिक मामा अर्ध्या वाटेत. पुरी करा भाऊ. अन् जशी उजेडी सुरू केली तशी उजेडीच पुरी करा."

"पुरी? यात्रेच्या आधी? फुकट?"

"मंग नका करू. सरूबाई, भावाची खुंटीवरची बंडी कोणाले देऊन टाकू वं?"

बायकोने हंबरडा फोडला. मी घासाघीस सुरू केली. "आणखी दोन प्रकरणं वाचतो."

"मंग मामा दोन कोस येईन."

"बरं, शेवटचं प्रकरण तेवढं ठेवतो. बाकी सगळं घ्या!"

"ठेवा. मामा परकोटाच्या बाहेर उभा राहीन. त्याले भाकर तिथीच नेऊन देत जा!"

मी जन्मभर गोंडाशी, तेलंग्याशी आणि मारवाड्याशी भाव केला, पण असा व्यापारी मला भेटला नाही. दुसऱ्या सकाळी मी पायरीवर बसलो. चांद्यात बातमी पसरायला दवंडी लागत नाही. शेजारचे आले, तलावापलीकडचे आले, जन्मात पुस्तकाला हात न लावलेला समोरचा दुकानदार दुकान बंद करून आला. शाळेचे मास्तर वर्गच घेऊन आले! कोणी फुटाणे विकायला बसला. त्याचा माल विकला जात होता, माझा वाटला जात होता! माझा आवाज बसला तर लोक म्हणत, "मोठ्यानं वाचा, नथ्थूभाऊच्या जिवाचा सवाल हाये!" आणि प्रकरण संपले की म्हणत, "पहिल्यासारखं नाई!"

ऊन उतरता उतरता शेवट आला. राजपुत्राने आपल्या रक्ताचा टिळा लावला, नीलांगीच्या अंगावरचा दगड विरघळला, धूम्रकेश धूर होऊन नाहीसा झाला. मी स्वतः गहिवरलो. मान वर केली.

"एवढंच?" सोनाबाई म्हणाली.

आणि त्याच क्षणी परकोटाच्या दरवाजातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला! गाडीत नथ्थू, मांडीवर फडक्यात बांधलेला गठ्ठा, आणि चेहरा चांगलाच गरगरीत. लोकांनी सोनाबाईचा जयजयकार केला. माझा कोणी केला नाही. बायकोने भावाची दृष्ट काढली आणि मला मीठमोहऱ्या चुलीत टाकायला लावल्या.

"कुठे होतास रे?" मी ओरडलो. "वाट कशी चुकली?"

"वाट कायले चुकन, भाऊजी? अंधार पडून राह्यला होता, वाघाचं भेव, म्हून आतल्या एका गावात थांबलो. गावकरी म्हणे गठ्ठ्यात काय हाये. म्या म्हटलं कहाणी. कहाणी म्हटल्यावर कोणी सोडते काय?"

"मग वाचलीस! इतके दिवस?"

"दिवसा कशी वाचू? तिथल्या पोट्ट्यायले मामा नाईत काय? दिवे लागले का वाचो. दिवसभर झोपो. रोज एका घरी जेवण. कोंबडं झालं, मासोळी झाली..."

"आणि बंगला? साहेब?"

"अर्धी कहाणी सोडून कसा जाऊ? कोणी वाट चुकलं असतं तं! अन् भाऊजी, शेवट नाई पटला गावाले. मले जाऊच नाई देत. मंग म्या बदलून सांगतला, तवा सोडलं. म्हटलं साहेबाले द्याच्या आधी तुमाले सांगावं, शेवट बदला. म्हून वापस आलो."

नथ्थूचा शेवट असा. दगडातून निघालेली नीलांगी म्हणते, मले भूक लागली. राजपुत्र भात आणि लाखोळीची डाळ शिजवतो. धूम्रकेशालाही पाट मांडतात. तो भरपेट जेवतो, त्याला झोप लागते, आणि सगळे उठून आपापल्या घरी जातात! चार भाग मी मंत्र-तंत्र, पाताळ आणि उडते पहाड रचले, आणि या गृहस्थाने त्या मांत्रिकाला डाळ-भातावर निजवला! मी तापलो. आमच्या पायरीवर मात्र कुजबुज झाली, आणि सोनाबाई म्हणाली, "हे बेस हाये."

प्रकाशक दुसऱ्या दिवशी बंगला सोडणार होता. आता भाव पडो की आभाळ पडो! पहाटे मी सायकलच्या मागे गठ्ठा बांधला आणि स्वतः निघालो. जंगलात वाटेला फाटे फुटले. मोळीवाल्या बाया भेटल्या, एक गुराखी भेटला. पण मी कोणाला वाट विचारली नाही. विचारले की गरज कळते, आणि गरज कळली की भाव पडतो, हे रक्तात भिनलेले! चाक पंक्चर झाले. सायकल ढकलत, बांबूच्या बनातून अंगावर ओरखडे घेत मी भर उन्हात एका गावात पोचलो. माणसे धावत आली. माझ्याकडे नाही, गठ्ठ्याकडे.

"अरे, हे तं नथ्थूभाऊची पोथी! कावो, तुमी नथ्थूभाऊचे गडी काय?"

"गडी? मी ही लिहिली आहे!"

म्हातारे हसून लोळायचे राहिले. "बाप्पा! लेहणारा असा राह्यते काय? कहाणी नथ्थूभाऊची. मघाशी मोटरवाला साहेब पाणी भराले थांबला होता, त्यालेही आमी तेच सांगतलं. शेवट आयकून लय हासला. म्हणे, हे मानूस नागपूरले धाडा."

"मोटर? कुठे गेली?"

"गेली नं. चांद्याच्या वाटेनं. तुमी तिथूनच आले नं?"

मी आलो ती वाट मलाच सापडत नव्हती. शेवटी त्यांनी एक माणूस बरोबर दिला, आणि मला जेवू घातले. लाखोळीची डाळ होती.

पाचवा भाग यात्रेनंतर, ऐन पावसाळ्यात निघाला. नावाचा सौदा मात्र मी जिंकला. अक्षरे एवढी मोठी, की धूम्रकेश त्यांच्याआड लपला. प्रकाशकाची एकच अट होती: शेवट नथ्थूचा.

मोटर चुकली त्या दिवशी तिन्हीसांजेला मी सायकल ढकलत घरी आलो, तेव्हा पायरीवर आळी जमलेली होती. माझी हकीकत ऐकून सोनाबाई खरोखर गोंधळली. "सरूबाई, आज तं कोणीच दिवसा कहाणी नाई सांगतली. मंग भाऊ कसे चुकले वं?"

बायको नथ्थूला वाढत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "यायले कुठी बहीण हाये? हे कोणाचेच मामा नाईत. यायले वाट चुकाले कहाणी लागतच नाई."

जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस न करता, बायकोने सांगितलेल्या भावात माल उचलला.