ज्याचं नाव घेतलं, त्याला माईक

तळवलीत हळद कुणाचीही असो, माईक देवजी म्हात्र्यांचाच. शेती गेली, शेताच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि देवजींना दिवसभर काही काम उरलं नाही. त्यात आवाज असा दणदणीत की मांडवात कोण आलं, कुणाचा मामा, कुठल्या गावचा, हे पुकारायचा मान त्यांनी एकदा घेतला तो घेतलाच. नगरसेवक आला काय आणि रिक्षावाला आला काय, देवजी दोघांचं नाव सारखंच ताणून घेत. एका बिल्डरने आपलं नाव पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं, तर देवजींनी घेतलं, आणि ‘यांची गाडी रस्त्यात आडवी लावली हाय’ हेही जोडून दिलं.

हळदीत रुसवेफुगवे तर ठरलेलेच. कुणाला हळद लावायला आधी बोलावलं नाही, कुणाला मटणात नुसती हाडंच आली. रुसलेला माणूस तडक माईकपाशी येई. देवजी त्याला मनसोक्त बोलू देत, पण त्याने ज्याच्यावर बोट ठेवलं त्याच्या हातात लगेच माईक देत. ज्याचं नाव घेतलं, त्याला माईक, हा त्यांचा कायदा. त्याने भांडणं मिटत असं मुळीच नाही, उलट चांगली रंगत. पण आपल्या मांडवात एकतर्फी काही होत नाही, याचा देवजींना कोण अभिमान.

याच माईकवर गल्लीतला कुंदन पहिल्यांदा गायला. पुढे तो टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकला, नावारूपाला आला, त्याच्या मुलाखती लागू लागल्या. मुलाखत लागली की देवजी आवाज वाढवून बसत. कुंदन आईचं नाव घेई, देवीचं घेई, गावाचं घेई. देवजींचं नाही. ‘मोठा झायलाय आता,’ एवढंच ते म्हणत आणि चालू पंखा उगाच बंद करून परत लावत. मनातून त्यांना ते फार लागलं होतं.

मग गेल्या महिन्यात यशोदाबाईंच्या नातवाची हळद झाली. यशोदाबाई म्हणजे कुंदनची सख्खी आत्या, देवजींच्या समोरच्याच घरात राहणारी. कुंदन गायला उभा राहणार तोच आत्याने तळलेला बोंबील त्याच्या तोंडाशी नेला. आधीचे त्याने मुकाट्याने खाल्ले होते. या खेपेला त्याने आत्याचा हात बाजूला केला आणि गायचंय, गळा धरेल, असं सांगितलं. आत्या हसल्या, तो बोंबील त्यांनी स्वतःच खाल्ला आणि विषय संपला.

पण कुणाच्या तरी फोनमध्ये नेमका बाजूला ढकललेला हात तेवढा आला. त्यात कुंदनचं बोलणं नव्हतं, आत्याचं हसू नव्हतं, बोंबील तर नव्हताच. ‘प्रसिद्ध गायकाने म्हाताऱ्या आत्याला झिडकारलं’ म्हणून सगळीकडे बोंब झाली. ठरलेले कार्यक्रम रद्द होऊ लागले. हे असंच चाललं तर पोराचं गाणं बंद पडणार, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं.

अशात एका वाहिनीची क्षिप्रा नावाची पत्रकार कॅमेरा घेऊन गल्लीत आली. आधी ती यशोदाबाईंकडे गेली. त्यांनी पोराचे गुण गायला सुरुवात केल्यावर तिने कॅमेरा बंद करायला लावला आणि देवजींकडे मोर्चा वळवला. “तुम्ही त्याचे गुरू ना, काका?” असं तिने विचारलं आणि देवजी विरघळले. थेट प्रक्षेपण आहे, खाली नाव येईल, असंही तिने सांगितलं. देवजींनी घाईघाईने दाढी केली आणि लग्नातला पांढरा शर्ट चढवला. बोंबलाची हकीकत सांगायची, असंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

कुंदन पहिल्यापासूनच असा होता का, एवढंच क्षिप्राने विचारलं आणि देवजींची जीभ घसरली.

“खरं बोलू? मोठा झायला का मानूस इसरतो. माज्या माईकवर उभा राह्यला, पन माजं नाव त्याच्या तोंडून कदी आयकलं नाय.”

क्षिप्राचा चेहरा उजळला. तिने माईक मागे घ्यायला हात पुढे केला, पण देवजी काही तो सोडेनात. नाव घेतलं गेलं होतं. अंगवळणी पडलेल्या सवयीने त्यांनी खिशातून फोन काढला, कुंदनला लावला, स्पीकर चालू केला आणि वाहिनीच्या माईकला चिकटवला. क्षिप्रा डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

“थांब पोरी. त्याचं नाव घेतलाय, आता माईक त्याचा.”

मग आपण काय बोललो ते त्यांनी कुंदनला जसंच्या तसं सांगितलं.

“काका, मी दर मुलाखतीत पयलं तुमचंच नाव घेतो,” कुंदन म्हणाला. “ते कापतात.”

समोरून धावत आलेल्या यशोदाबाईंनी माईक ओढून घेतला आणि बोंबलाची हकीकत मसाल्यासकट सांगितली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाला मात्र जमिनीकडे बघत होता. देवजींनी फोन काढला तेव्हाच वाहिनी जाहिरातींवर गेली होती.

संध्याकाळी देवजी टीव्हीवर आले. खाली मोठ्या अक्षरांत ‘देवजी म्हात्रे, कुंदनचे गुरू’. माणूस विसरतो, नाव ऐकलं नाही, एवढंच, पुन्हा पुन्हा. भाडेकरू अभिनंदनाला आले, नावड्याहून बहिणीचा फोन आला. देवजींना लाजेने मान वर करवेना. त्यांनी क्षिप्राला फोन करून निदान माझं नाव तरी काढा अशी गयावया केली. मुलगी वाईट नव्हती. हे सगळं वरून ठरतं, काका, असं ती हळूच म्हणाली, आणि तुमची क्लिप चांगली चाललीय, हेही तिच्या तोंडून निघून गेलं. गल्लीतल्यांनी आपापल्या फोनमधली पुरी हकीकत पसरवली, पण टीव्हीच्या मानाने ती कितीशी पोचणार?

शेवटी देवजींनी कुंदनला फोन लावला.

“पोऱ्या, चुकलं माजं. मी सगळं बोललू रं, त्यांनी अर्धंच दावलं.”

कुंदन हसला. राग नव्हता त्या हसण्यात, त्यामुळे देवजींना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्यांचं जाऊ द्या, काका,” तो म्हणाला. “एवढी वर्सं तुमी माज्यावर रुसून बसलात. मना माईक नाय दिलात, साधा एक फोन नाय केलात?”