पालखीच्या दिवशीचा जवळा

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. माझ्या मुलीला, निकिताला, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा होता. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं आमचं घर एका खोलीचं. त्यात नवरा, सासू, जाळी आणि दिवसभर टीव्ही. म्हणून ती रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत जायची. एक दिवस डोळे सुजवून परत आली. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो, बाकीच्यांना त्रास होतो. उद्यापासून येऊ नकोस." पोर मोरीत बसून साबणाने हात घासत राहिली, कातडी लाल झाली तरी थांबेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमची पापलेटं मिटक्या मारत खाता, आणि आमची पोर नाकाला झोंबते होय रे!

तरातरा गावदेवीच्या देवळात गेले. "आई, दरवर्षी तुजी ओटी भरते मी. माज्या पोरीला बसायला हातभर जागा देता येत नाय तुला? मग मी बी तुजा मान ठेवनार नाय." आमच्यात रीत आहे, देवीच्या पालखीला होडी सुटत नाही, कोळीण मासळीची पाटी उचलत नाही. मी उचलली. पालखीच्याच सकाळी सुका जवळा घेऊन सीवूड्सला बाजारात बसले. सासू म्हणाली, "कोप होईल गो." म्हटलं, होऊ दे.

बाजारात आमच्या बायकांची रांग रिकामी, मी एकटीच. साताऱ्याकडच्या एक जाधवबाई आल्या. त्या नेहमी रांगेतल्या दुसऱ्या कोळणीकडून घ्यायच्या. "आज तुमी एकट्याच?" एवढंच विचारलं, आणि माझा बांध फुटला. देवीपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीला माझ्याकडं पाठवा की. घरात मी एकटीच असते." मी फाडकन म्हटलं, "वास येतो तिला माशाचा." बाई हसल्या. "अहो, नर्स होते मी. जन्म दवाखान्यात गेला. मला वासाचं काय सांगताय?"

मी जवळ्याचं माप शिगोशीग भरून त्यांच्या पिशवीत ओतलं. रीत मोडली नसती, तर ही बाई माझ्यापुढे थांबलीच नसती. कुणी योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. निकिताने त्यांच्याच घरी बसून अभ्यास केला, आणि आज ती नर्सिंग कॉलेजात आहे.

पुढच्या पालखीला माफी मागायची ठरवून गेले, तर तोंडातून निघालं, "उपकार झाले आई. पन त्या अभ्यासिकेचं दार आमच्या पोरींना अजून बंदच हाय. इसरू नको." राग घरी ठेवून देवळात जाणं मला जमत नाही. आता रागासकटच तिच्या पायाशी बसते, पुढचं तिच्यावर सोडते. त्या दिवशी ओटी भरली, पाटीला हात लावला नाही. जाधवबाईंचा जवळा आदल्या दिवशीच पोचवला होता.