जनीआजीची बॅटरी आणि हळदीचा डीजे

आमच्या खाडीकडच्या गावात जनीआजीने धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातलं विधीचं गाणं, आणि ते गाणारी जनीआजी आमची धवलारीण. देव, पूर्वज, मामा, भाऊ, सगळ्यांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते. पण डीजे आला आणि आजीचा धवला त्याच्या बॉक्सांखाली चेंगरला. गेल्या लग्नात ती नवरीच्या कानाला तोंड लावून गायली, तरी नवरी विचारते, "आजी, पानी पाहिजे का?"

आता सख्ख्या नातीचं, दक्षताचं लग्न ठरलेलं. आजीने नवरीच्या भावाला, नातू यज्ञेशला, बजावलं, "माजे दक्षताचे हलदीला यो धिंगाना नको. धवला आयकू गेला पायजे."

"आजी, डीजे नसला तर लोक विचारतील, हळदीला आलो की मयताला?" यज्ञेशने आधीच गावातला सगळ्यात मोठा डीजे ठरवून टाकलेला.

भांडण तिथेच अडलं, कारण आजीला बोलताना धाप लागायला लागली. नौपाड्यातल्या डॉक्टर सुश्रुतनी सांगितलं, हृदयाची झडप आखडलीय. छाती न कापता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून त्यांनी नवी झडप बसवली. गावात बातमी पसरली, "जनीचे कालजाला मांडीतून दार लावला!" बघायला अख्खी भावकी गेली. मांडी बघायला मिळाली नाही म्हणून दोघीतिघी रुसून आल्या.

दुसऱ्या दिवशी आजी आयसीयूमधल्या कल्पिता सिस्टरला हळू आवाजात धवला ऐकवत होती. मध्येच ओळ तुटली, डोळे पांढरे झाले, मॉनिटरवरची रेघ आडवी पडली. सिस्टर ओरडली. तेवढ्यात मानेतून आधीच घालून ठेवलेल्या, ठोके देणाऱ्या तात्पुरत्या वायरने काम सुरू केलं आणि ठोके परत आले. आजीने डोळे उघडले, तुटलेली ओळ पुरी केली आणि म्हणाली, "कनाला वरडतेस गो? ताल गेला ना माजा!"

डॉक्टरांनी तिच्या मुलाला, गुणाजीला, समजावलं. झडपेला लागूनच हृदयाची वायरिंग असते. नव्या झडपेने ती दबली, म्हणून वरचा ठोका खाली पोचत नाही.

"म्हंजे साइज चुकला?" गुणाजीने आवाज चढवला.

"नाही हो. साइज बरोबर असला तरी काहींना होतं."

खाटेवरून आजी बोलली, "गुणाजी, तू भाड्याचे खोल्यांची चाल बांधलीस तवा नवी चौकट ठोकताना लाइट नवती गेली? उगा डाक्टरला नको भांडू."

दोन-तीन दिवस वाट पाहिली, पण वायरिंग काही सुधारेना. मग गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवायचं ठरलं. आजीचा प्रश्न एकच, "मना गाता येल का?"

"बिनधास्त गा," डॉक्टर म्हणाले. "फक्त डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर नेऊ नका. मोबाइल त्या बाजूला ब्लाउजमध्ये ठेवू नका. आणि मोठ्या स्पीकरला चिकटून उभं राहू नका, आत लोहचुंबक असतं. हातभर अंतर ठेवा, बस."

आजीचे डोळे लकाकले. गुणाजी तेव्हा खाली औषधं आणायला गेलेला.

घरी आल्यावर आजीने भावकी गोळा केली. छातीवर हात ठेवून, पडलेल्या आवाजात म्हणाली, "डाक्टर बोलला, डीजे मांडवाशी वाजला त बॅटरी बंद. बॅटरी बंद त जनी बंद."

"केवढं लांब पाहिजे?" यज्ञेशचा चेहरा उतरला.

"तलावाचे पल्याड."

हळदीच्या संध्याकाळी डीजेचे बॉक्स तलावापलीकडे म्हशींच्या गोठ्याशेजारी उभे राहिले. त्यांच्यासमोर नाचणारी पोरं इथून मुंग्यांएवढी दिसत होती. मांडवात आजीने आवाज लावला. जुन्या बायांनी मागून ओळ धरली. दक्षता हळद लावून घ्यायची सोडून आजीच्या तोंडाकडे बघत बसली.

तेवढ्यात डॉक्टर सुश्रुत आले. आमंत्रण गुणाजीचं, आजीला पत्ताच नव्हता. यज्ञेशने धावत जाऊन विचारलं, "सर, एवढं लांब बास ना?"

डॉक्टरांनी तलावाकडे बघितलं. "एवढं? अहो, हातभर पुरलं असतं. मी आजींना सांगितलेलं."

यज्ञेश गर्रकन वळला. आजीने सगळं ऐकलेलं. पण धवला मध्ये तोडायचा नसतो. तिने नजर त्याच्यावरच ठेवली आणि पुढची ओळ घेतली:

"मांडवाचे दारी गो, कोनाचा बंधू उभा?
दक्षताचा यज्ञेश गो, मांडवाचा खांब उभा."

बायांनी ओळ उचलली. आपलं नाव एवढ्या तोंडांतून यज्ञेशने पहिल्यांदाच ऐकलं. तो खांबासारखाच उभा राहिला. मग नाक पुसलं, तलावाच्या काठावर गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला,

"अरे ए, बॉक्स अजून मागे घ्या! डॉक्टर स्वतः आलेत, ते बोलतात!"