पॅसिफिकची सोयरीक

माझ्या घरमालकांनी आयुष्यात एकही काम समोरच्या माणसाची चौकशी केल्याशिवाय सुरू केलेलं नाही, आणि या हट्टापायी त्यांनी तीन देशांतल्या तीन विद्यापीठांना ताटकळत ठेवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुळशी तालुक्यातल्या रिह्यात त्यांच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायची. पहिल्याच महिन्यात पाण्याचा पाइप फुटला. घरभर पाणी, मामी बादल्या घेऊन धावतायत आणि मामा प्लंबरला दारातच थांबवून विचारतायत, "गाव कुठलं? आईबाप हायेत का? पोरं किती?" त्याची सासुरवाडी उरवड्याची निघाली, तिथंच मामांची चुलतबहीण दिलेली, मग चहा ठेवणं आलंच. तोवर वरची टाकी रिकामी झाली आणि गळती आपोआप थांबली. "बग ताई," मामा शांतपणे म्हणाले, "मानूस कोन हाय ते कळल्याबिगर त्याच्या हातात घर कसं द्यायचं?" मामी फरशी पुसत जे म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी जवळच्याच एका विद्यापीठात संशोधन सहायक होते. आमचं विद्यापीठ, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचं विद्यापीठ आणि एका श्रीमंत देशातलं तिसरं, अशी भागीदारी होती. प्रश्न एकच: समुद्र चढतोय, तर किनाऱ्यावरची गावं आत हलवायची कशी? बेटावरच्या प्राध्यापिकाबाईंचं माहेर हलवायच्या गावांमध्येच होतं. तिथं त्यांचे म्हातारे वडील राहत. त्यामुळे आमच्यासाठी जो शोधनिबंध होता, तो त्यांच्यासाठी बापाच्या घराचा प्रश्न होता.

त्यांची दुपार म्हणजे आमची सकाळ. माझ्या खोलीत नेटवर्कची बोंब. ते यायचं फक्त मामांच्या पडवीत, भाताच्या कणगीशेजारी. पहिल्या बैठकीला मी लॅपटॉप उघडते न उघडते तोच मामा धुवट टोपी घालून शेजारी येऊन बसले. पाहुण्यांसमोर घरधन्यानं नसणं बरं दिसत नाही, हे त्यांचं कारण. श्रीमंत देशातल्या प्राध्यापकांनी नमस्कार-चमत्कार उरकून थेट पहिला मुद्दा घेतला. मामा मला कोपरानं ढोसत म्हणाले, "आगं, ती बाई जेवली का न्हाई, ते तर इचार." मी ओशाळून भाषांतर केलं. बाईंनी हातातले कागद खाली ठेवले आणि मनापासून हसल्या. जेवले म्हणाल्या, मासा आणि अळवाचा कंद. मामा खूश! "आमी पान खातो, त्ये कंद खात्यात. मंजी एका अळवात दोनी घरं जेवतील. सोयरीक जमती बग!"

झालं. त्या दिवसापासून आमचा आंतरराष्ट्रीय करार ही त्यांच्या लेखी सोयरीकच झाली. श्रीमंत देशातले प्राध्यापक सारखे घड्याळ बघतात याचंही त्यांना नवल वाटलं नाही. "मधला मानूस कायम घाईतच आसतो. त्याला फुडल्या गावाला जायाचं आसतं." करारावर सह्या झाल्या त्या दिवशी मामांनी कॅमेऱ्यासमोर सुपारी फोडली. तिकडे बाईंनी नारळाच्या करवंटीतून त्यांच्या बेटावरचं मानाचं पेय घेतलं आणि मधले प्राध्यापक सातव्या पानावरची सही राहिली का, ते विचारत राहिले. बेटावरही वडीलधाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय काम सुरू करत नाहीत म्हणे. बाई प्रत्येक बैठकीत आधी "तुमचे ज्येष्ठ कुठे आहेत?" असं विचारू लागल्या आणि इतिवृत्तात मामांची नोंद 'ज्येष्ठ सदस्य' अशी होऊ लागली. आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. "हे ज्येष्ठ सदस्य कोण?" "माझे घरमालक, सर." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि "असू द्या" म्हणाले, कारण बेटावरून पत्रांची उत्तरं आता वेळेवर येऊ लागली होती.

तिसऱ्या वर्षी मधल्या विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांचे अग्रक्रम बदलले होते, भागीदारी पुढे चालणार नव्हती. शेवटच्या बैठकीत कुणी किती निबंध लिहिले ते वाचून झालं. मग बाई म्हणाल्या, "निबंध छापून होतील, पण आमचं गाव पुढच्या वर्षी खरोखरच उठणार आहे. मला ज्येष्ठांना एकच विचारायचंय. गाव हलवताना बरोबर काय न्यायचं?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तीन वर्षांत पाहुण्यांसमोर त्यांनी ती कधीच काढली नव्हती.

"माज्या आजीचं गाव मुळशी धरणाच्या पान्याखाली हाय," ते म्हणाले. "गाव उठलं तवा लोकांनी देव आनले, जातं-उखळ आनलं, दाराच्या चौकटीसुदिक आनल्या. शेजार तेवढा कुनी आनला न्हाई. एक घर हिकडं, एक तिकडं. आजी मरस्तवर सकाळी उठून शेजारनीला हाक मारायची, आन मग गप बसायची. बाईंना सांग, घरं बांधाल तर हुती तशीच बांधा. ज्याच्या दारासमूर ज्याचं दार हुतं, त्ये तसंच ठिवा."

मी एकेक वाक्य भाषांतर करून सांगितलं. मधले प्राध्यापकही घड्याळाकडे न बघता ऐकत होते. बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

भागीदारी संपली. मी हिंजवडीत नोकरी धरली आणि जांब्याला राहायला गेले. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी बाईंनी फोनवर एक चित्र पाठवलं, नव्या गावाच्या आखणीचं. आखणी करणाऱ्यांना सरळ रांगा हव्या होत्या, पण गावानं ऐकलं नाही, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. मी तशीच गाडी काढून रिह्याला गेले. मामांनी चष्मा लावला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली, "ह्ये कुनाचं? घरात किती मानसं?" मला काय ठाऊक? शेवटी बाईंनाच फोन लावला आणि त्या एकूण एक घराची माहिती सांगत गेल्या. जुन्या गावात त्यांच्या वडिलांच्या दारासमोर ज्या म्हातारबाईचं दार होतं, ते नव्या गावातही समोरच होतं.

बोलणं संपल्यावर मामांनी चित्रातल्या त्या दोन दारांवर परत बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आजी आस्ती तर तिला दावलं आस्तं."

मी फोन त्यांच्या हातातच राहू दिला.