सरकार पडलं, बटाटे शिजत राहिले

शेजारच्या डच बाईंमुळे मी अजून या देशात आहे, हे आधी सांगते. इथल्या पंतप्रधानांचा नंबर त्यांच्यानंतर. तेही माझे मास्तरच, पण त्यांना ते ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी आठवलं नसतं. संसदेत काहीही विचारलं की ‘आठवत नाही’ म्हणण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नाही.

माझा नवरा इथल्या बेस्ट नावाच्या गावात एका हॉटेलात आचारी. साथ आली, हॉटेलला टाळं लागलं. मी नववीत शाळा सोडलेली. गाशा गुंडाळून परत जावं लागणार, या धास्तीनं माझा घास उतरेना. बाई म्हणाल्या, “डच शीक, काम मी बघते.”

भाषेचे वर्ग बंद, म्हणून त्यांनी पंतप्रधानांनाच शिकवणीला लावलं. पाहुणे घरात घ्यायचे नाहीत, असा नियम. मग पंतप्रधान टीव्हीवर बोलायला आले की बाई तो खिडकीकडे वळवायच्या आणि मी कोट घालून अंगणात कुडकुडत उभी. हात धुवा, घरी बसा, धीर धरा. इतकं सोपं बोलायचे की मलासुद्धा कळायचं! पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, “यांनी ‘कोणाशी हात मिळवू नका’ म्हणून जाहीर केलं आणि तिथंच शेजारच्या अधिकाऱ्याशी हात मिळवला.” मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी शब्द टाकला. सोमवारी मुलाखत ठरली. आणि शुक्रवारी सरकार पडलं! मुलांच्या पाळणाघराच्या भत्त्यावरून सरकारनं हजारो आईबापांना उगाच लबाड ठरवलं होतं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून पंतप्रधान सायकलवर बसून राजाकडे राजीनामा देऊन आले. दहा वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट, आणि गाडीसुद्धा नाही.

आमच्या तालुक्यात सरकार पडलं की आमदार बसमधून हॉटेलात जातात आणि कचेरीतला शिपाईसुद्धा ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो. वृद्धाश्रम म्हणजे सरकारीच, असा माझा समज. मी शहाणपणानं तिथल्या मुख्य आचाऱ्याला मेसेज केला, ‘सरकार पडलं, वाईट वाटलं. नवं आलं की येते.’

शनिवारी कुंपणाशी बाईंना हे अभिमानानं सांगितलं. त्यांनी कॉफीचा मग कुंपणावर ठेवला.

“अगं, राजीनामा त्यांनी दिलाय. तू कशाला देतेस?”

“पण सरकार पडलं ना?”

“पडलं. म्हणून म्हाताऱ्यांनी जेवायचं नाही?”

“मग पंतप्रधान आता कुठं?”

“ऑफिसात. नवं सरकार येईपर्यंत तेच. आणि नवं आलं की बहुतेक पुन्हा तेच.”

बाईंनी लगेच फोन लावला. मुख्य आचाऱ्यानं माझ्या जागी दुसरीला बोलावलं होतं. बाई बराच वेळ भांडल्या. शेवटी तो म्हणाला, यायचं तर आत्ता. मला सायकल येत नव्हती. सत्तरीच्या बाईंनी मला मागे कॅरिअरवर बसवलं आणि समोरच्या वाऱ्याला शिव्या देत पेडल मारलं. दीड मीटर अंतराचा नियम बहुधा घरीच विसरला.

आचाऱ्यानं मास्कच्या वरून पाहिलं. “काय, आलं का नवं सरकार?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “नाही. जुनंच येणार आहे म्हणे.”

तो खो खो हसला. मागे भलंमोठं पातेलं उकळत होतं. “सोमवारपासून ये. आधी बटाटे सोल.”

मार्चमध्ये निवडणूक झाली. पंतप्रधानांचाच पक्ष पुढे. मग मंत्रिमंडळ जुळवण्यात जवळजवळ वर्ष गेलं, आणि आले तेच! राजीनामा दिलेला माणूस तेवढा काळ खुर्चीत होता, आणि मी नव्या सरकारची वाट बघत बसले असते, तर आमची बॅग तेव्हाच भरली असती.

बाईंचे गुडघे आता दुखतात. मी सायकल शिकतेय, दोनदा कालव्याच्या काठी पडलेसुद्धा. पण एक दिवस त्यांना मागे बसवून, त्याच वाऱ्यात, जिथं म्हणतील तिथं नेईन. हे माझं वचन आहे, आणि मला ते आठवेल.