गुरुवारचा नाताळ

"तुमचंबी बराबर हाये," असं म्हणून तो डोक्यावरची टोपी थोडी मागं सरकवायचा. समोर एकच माणूस असला तरी ‘तुमचंबी’च म्हणायचा; जणू बाकीच्या जगाचं बरोबर असणं त्यानं आधीच मान्य करून ठेवलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कुणाशी भांडत नाहीत, त्यामुळे सगळी भांडणं त्यांच्याच घरी मुक्कामाला येतात.

मी दिग्रसला पोस्टात होतो तेव्हा तो आमच्या समोर राहायचा. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करायचा म्हणून गल्ली त्याला फिटरभाऊ म्हणे. त्याच्या लहानपणी बाप आणि तो ख्रिस्ती झाले. माय झाली नाही. "दोघं गेले थेच लय झालं. घरी कोनी पायजे का नाही?" असं ती सांगायची. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं बाजाराला गेलेत.

तेव्हापासून त्या घरात रविवारी प्रार्थनेला जाणारी मंडळी आणि मार्गशीर्षातले गुरुवार धरणारी म्हातारी एकाच चुलीवर जेवत. बाप वारल्यावर, विधवेनं लक्ष्मीची पूजा मांडावी का, असा प्रश्न गल्लीतल्या काही जाणकारांनी काढला होता. माय म्हणाली, "लक्ष्मी का कुंकू पाहून येते?" जाणकार अजून विचार करताहेत.

नाताळच्या करंज्या मात्र सगळ्या मायच्या हातच्या. सुनेला ती पारी लाटू द्यायची, सारण भरू द्यायची नाही. "तुमच्या देवाचा वाढदिवस हाये, फुटक्या करंज्या कायले?"

असं सगळं नीट चाललं असताना एका वर्षी नाताळच गुरुवारी आला.

हे फिटरभाऊच्या ध्यानात आलं तोवर तो दोन ठिकाणी शब्द देऊन बसला होता. त्यांच्या चर्चच्या मंडळीतले नागपूरकडचे एक थोर पाहुणे नाताळच्या संध्याकाळी त्याच्या घरी जेवणार होते. त्यांना त्यानं मटण कबूल केलं होतं. आणि मायला कबूल केलं होतं की गुरुवारी घरात मटण येणार नाही.

मायनं एक गाठोडं बांधलं आणि दाराशी आणून ठेवलं. "मटन शिजलं तं मी उमरखेडले भावाकडं जातो. आन् एकडाव गेली का वापस नाही येत मंग." म्हातारी रागानं बोलली असती तर त्याला धीर आला असता. ती गव्हातले खडे वेचता वेचता बोलली होती. तो ते गाठोडं ओलांडून कामावर जायचा आणि ओलांडून घरी यायचा.

एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. "बाबूजी, काय करू? माय नाही तं नाताळ कायचा? आन् पाव्हन्याले नाही म्हनाव तं मंडळीत तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्याच्या घरातला तिढा मला फार लवकर सुटतो. मी म्हटलं, "मायची पूजा आमच्या घरी मांडा."

तो आनंदानं गेला आणि तसाच परत आला. "माय म्हंते, लक्ष्मी माह्या घरी येऊन राह्यली का बाबूजीच्या?"

"मग मटण जिनिंगच्या आवारात शिजवा."

पुन्हा गेला, पुन्हा आला. "माय म्हंते, शिजवसान तिथं, पन खासान कुठं?"

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो.

"तुमचंबी बराबर हाये," तो म्हणाला आणि टोपी मागं सरकवून अंधाराकडं बघत बसला.

शेवटी नाताळाला मटण आलंच नाही. पुरण शिजलं. पाहुण्यांना हे सांगायचं कुणी, एवढंच ठरायचं राहिलं.

संध्याकाळी मला बोलावणं होतं. दारावर बांबूच्या कामट्यांचा कागदी तारा लागला होता. आत भिंतींना चुना मारला होता, तो एकाच कोपऱ्यात वाळला होता. तिथं पोरांनी बाळ येशूची गव्हाणी मांडली होती. बैल म्हणून तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तो लाकडी बैल, शिंगांना बेगड तसंच. त्याच्या शेजारी मायचा पाट, पाटावर कलश, नारळाला नथ. पाटापुढं सुनेनं एक लुगडं टांगलं होतं. घाईत ते बैलाच्याही पुढं आलं होतं.

मंडळीतल्या चौघांना घेऊन थोर पाहुणे आले. त्यांनी जेवणाआधी प्रार्थना सुरू केली. त्यांनी देशासाठी मागितलं, पिकासाठी मागितलं, पंचवार्षिक योजनेसाठी मागितलं. सकाळपासून उपाशी असलेली माय लुगड्याआडून सर्वांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या." देशाचं काम तिथंच आटोपलं.

पाहुण्यांनी डोळे उघडले. "पाहू तरी मुलांनी केलेली गव्हाणी," असं म्हणत त्यांनी स्वतःच लुगडं बाजूला सारलं.

एकीकडे गवतावर बाळ, मध्ये शिंगांना बेगड लावलेला बैल, पलीकडे नथ घातलेला नारळ, आणि त्याच्यामागं नैवेद्याचं ताट हातात घेतलेली म्हातारी. कोण कुणाच्या भेटीला आलंय ते कळत नव्हतं. मंडळीतल्या एकानं सवयीनं हात जोडले आणि गडबडून सोडले.

"हे काय आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

फिटरभाऊचा हात टोपीकडं गेला. आता तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. पण हात मध्येच थांबला.

"हे माह्या मायचं हाये," तो म्हणाला. मग तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून, "आन् ते माही माय हाये."

मायनं नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं आणि पाहुण्यांच्या पानात पोळी वाढली. "जेवा बाप्पा. लांबून आले." पाहुण्यांनी मटणाची चौकशी केली नाही. तुपाची मात्र दोनदा केली. गाठोडं माय दुसऱ्या दिवशी सोडून बसली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली, गाठोडं न बांधताच.

त्या वर्षी नाताळ शुक्रवारी होता. आदल्या संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी, फिटरभाऊ आमच्या ओट्यावर आला. मला नाही, माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, मी आज उपास धरला."

"तुम्ही?"

"सकाळी चहा घेतला नाही. मंग जेवलोबी नाही. आता सोडाव कसा? मायनं ते सांगतलंच नाही."

"पूजा मांडली का?"

"मांडता नाही येत. आन् मी मांडाव का नाही, तेबी समजून नाही राह्यलं."

"मग उपास कुणाचा धरला, भाऊजी?"

तो पायाखालची फरशी पाहू लागला. मला जगातल्या बहुतेक गोष्टींवर मत असतं. मीही तीच फरशी पाहत बसलो. बायको आत गेली आणि वरणभाताचं ताट घेऊन आली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि आपल्या प्रभूची प्रार्थना केली. लहानशीच. आमेन म्हणून डोळे उघडले, पहिला घास उचलला आणि तो तसाच हातात धरून विचारलं,

"आता सुटला नं, वहिनी?"