काळा झगा

सत्तरच्या दशकात आमच्या क्लबच्या पार्टीसाठी नायक-खलनायकांचे पोशाख भाड्यानं आणायला मी महाल भागातल्या दुकानात गेलो होतो. माझ्याआधी क्लबातलेच, पण माझी ओळख नसलेले एक गृहस्थ उभे होते. भाजलेल्या गालावर ते सारखा रुमाल धरत. त्यांनी पोशाख मागताच दुकानदारानं न विचारता खलनायकाचा काळा झगा पुढे केला.

"पोरगी म्हणे, बाबा, तुमी हिरो बना," ते हळूच म्हणाले.

ओशाळून दुकानदारानं पांढरा कोट दिला. तो घालून त्यांनी आरशात पाहिलं, मग काढून ठेवला.

"काळाच द्या. लोक हसतीन, पोरीले वाईट वाटन."

पार्टीत वेशभूषेचं पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. परीक्षकांनी मेकअपची तारीफ केली. त्यांनी तोंडाला काहीच लावलं नव्हतं. पहिल्या रांगेत त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती.